गवतावर चाक गेले की: रेसिंग गेममधल्या एका जुन्या नियमाची पार्श्वभूमी

ऑनलाइन शर्यतींत 'कॉर्नर कट' आणि त्याच्या पेनल्टीवरून रोज वाद होतात. वळण आतून कापले, चारही चाके पांढऱ्या रेषेबाहेर गेली, पण फायदा झाला की नाही? या वादाचे मूळ गवतात आहे. रस्ता सोडला की गाडी मंदावते, हे गेम खेळणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. ती कशामुळे मंदावते, याचे उत्तर मात्र चाळीस वर्षांत बरेच बदलले.

१९८२ च्या 'पोल पोझिशन'च्या पिढीत गवत म्हणजे केवळ हिरवा रंग होता. अशा गेममध्ये रस्ता एकावर एक आडव्या रेघांनी रंगवलेला असे. गाडी रस्त्याच्या मध्यापासून किती सरकली, एवढा आकडा पाहायचा आणि ती कडेपलीकडे गेली की वेग ठरावीक मर्यादेपर्यंत उतरवत न्यायचा, ही रूढ पद्धत. मातीचा, टायरचा यात संबंध नव्हता. १९८६ च्या 'आउट रन'मध्ये या नियमाला पळवाटही सापडली. त्यात लो आणि हाय असे दोनच गिअर. रस्त्याबाहेर जाताना लीव्हर नेमक्या क्षणी खाली-वर खटकवला की गाडी बाहेरूनही वेग न गमावता धावे. जपानी खेळाडूंनी या युक्तीला 'गिअर गाचा' म्हटले. १९९२ च्या 'सुपर मारिओ कार्ट'मध्ये नकाशाच्या प्रत्येक छोट्या चौकोनाला स्वतःचा पृष्ठभाग मिळाला, आणि गाडीला क्षणभर वेग देणाऱ्या मशरूमचा जोर लावून गवतातून आडवे जाणे हा डावपेचच झाला.

आपल्याकडे बहुतेकांची ओळख झाली ती सायबर कॅफेतल्या 'रोड रॅश' आणि 'नीड फॉर स्पीड'पासून. त्या काळाबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आपण बाणांच्या कळांवर खेळायचो. वरचा बाण दाबला की अॅक्सिलरेटर पूर्ण, सोडला की शून्य. मधले काही नाही. निम्मी कॅफे वरच्या बाणावर बोट रुतवून बसलेली असायची, गाडी गवतात असो की डांबरावर. अशा हातात खरे, निसरडे गवत दिले असते तर गाडी पहिल्याच वळणावर भोवऱ्यासारखी फिरली असती. म्हणून गेमनेच वेग खाली ओढायचा आणि गाडी सरळ ठेवायची. त्या मंद गवतामागे खेळाडूची सोय होती, आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

गोंधळ झाला तो एका शब्दाने. 'गवतावर घर्षण जास्त, म्हणून गाडी हळू' असे आपण सर्रास म्हणतो. शाळेत शिकलेला घर्षण हा शब्द इथे दोन वेगळ्या गोष्टींवर चिकटवला जातो. एक, टायरची जमिनीवरची पकड, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत ग्रिप. दुसरी, चाक लोळताना जमीन दबल्यामुळे होणारा विरोध. डांबरावरून गवतावर आल्यावर पहिली गोष्ट घटते आणि दुसरी वाढते. एकाच शब्दात दोन्ही कोंबल्या की हिशेब उलटा लागतो.

आकड्यांत पाहू. कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक साधारण ०.९ धरतात, ओल्या गवतावर ०.३ किंवा त्याहून कमी. ताशी १०० किलोमीटरवरून ब्रेक दाबला तर पहिल्या हिशेबाने गाडी सुमारे ४४ मीटरमध्ये थांबते, दुसऱ्याने सुमारे १३० मीटर लागतात. आता लोळण्याचा विरोध. डांबरावर तो गाडीच्या वजनाच्या एक-दीड टक्का, मऊ गवतावर आठ टक्के धरू. तेवढ्याने वेग सेकंदाला जेमतेम तीन किलोमीटर प्रतितास उतरेल. म्हणजे खरे गवत गाडीला धरून ठेवत नाही, उलट सोडून देते. थांबवण्याचे काम वळणाबाहेर पसरलेल्या खडीचे, कारण तिच्यात चाक रुतते. आर्केड गेमनी, म्हणजे वास्तवापेक्षा मजेला महत्त्व देणाऱ्या गेमनी, खडीचा गुण गवताला दिला आणि आपण तोच निसर्गनियम मानून बसलो.

सिम्युलेटरवाल्यांनी, म्हणजे खऱ्या गाडीची नक्कल करणारे गेम बनवणाऱ्यांनी, ही गाठ सोडवायला घेतली. १९६७ च्या हंगामावर बेतलेला १९९८ चा 'ग्रँड प्रिक्स लीजेंड्स' इथे महत्त्वाचा: त्यात गवत निसरडे होते. चारही चाकांचा पृष्ठभाग वेगवेगळा मोजू लागल्यावर काय होते, ते एका प्रसंगात दिसते. उजवी दोन चाके गवतावर उतरली आहेत, डावी डांबरावर आहेत, आणि घाबरून ब्रेक दाबला. डावी चाके धरतात, उजवी घसरत राहतात, नाक झटक्यात डावीकडे वळते आणि गाडी ट्रॅकवर आडवी येते, मागून येणाऱ्यांच्या समोर. उपाय एकच: ब्रेक सोडायचा, स्टिअरिंग सरळ ठेवायचे आणि हळूहळू आत यायचे. कीबोर्डवर हे जमले नसते. पेडल आणि स्टिअरिंग घरोघरी आल्यावरच असे गवत खेळण्याजोगे झाले.

तोवर खरे ट्रॅकच बदलत होते. सुरक्षेसाठी वळणाबाहेरच्या गवताच्या आणि खडीच्या जागी अनेक ठिकाणी सपाट डांबर आले. गेमनी ट्रॅक हुबेहूब उतरवले आणि त्यांच्याकडे ना मंद गवत उरले ना निसरडे. मग शिक्षा कागदावर गेली. २००८ पासून चालणाऱ्या 'आयरेसिंग'मध्ये ट्रॅक सोडला की नावावर '१एक्स', म्हणजे चुकीचा एक गुण, नोंद होते, आणि वळण कापून वेळ वाचवला तर स्वतःहून वेग कमी करून तो परत द्यावा लागतो. २०१७ च्या 'ग्रान तुरिस्मो स्पोर्ट'ने सेकंदांची पेनल्टी लावली. कोरड्या, मोकळ्या डांबरावर पडद्यावरची सूचना पाहून पाय उचलायचा, हे मला कधीच रुचले नाही. जमिनीने जे सांगायचे ते तिथे एक पाटी सांगते.

खऱ्या फॉर्म्युला वनलाही हीच अडचण आली. २०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रांप्रीत रेषा ओलांडल्याचे बाराशेहून अधिक संशयित प्रसंग तपासावे लागले. २०२४ मध्ये तिथल्या शेवटच्या दोन वळणांबाहेर खडीची अरुंद पट्टी टाकली आणि उल्लंघने झपाट्याने घटली.

गेममध्ये मात्र तेवढी पट्टी पुरत नाही. खऱ्या ड्रायव्हरला खडीवर गाडीचा तळ फाटण्याची धास्ती असते. गेममधली मोडतोडीची सोय बंद ठेवून खेळणाऱ्याला फक्त खडखडाट ऐकू येतो. त्यामुळे काटेकोर सिम्युलेटर सोडले तर बहुतेक गेममध्ये रस्त्याबाहेरचा विरोध आजही खऱ्यापेक्षा जास्तच ठेवलेला आढळतो.