दिसत नसताना नेमकं पोचणारं ड्रिल

कानामागचा उंचवटा बोटाने दाबून पाहा. दगडासारखं लागणारं हे मास्टॉइड हाड आतून पोकळ्यापोकळ्यांचं असतं, मधाच्या पोळ्यासारखं. त्याच्याही आत, कवटीच्या तळाच्या अतिशय टणक हाडात, जेमतेम वाटाण्याएवढा, अडीच वेढ्यांचा कॉक्लिया, म्हणजे ऐकण्याचा शंखासारखा अवयव, बसलेला असतो.

श्रवणयंत्रानेही ज्यांना पुरेसं ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे श्रवणाच्या नसेला विजेचे संकेत देणाऱ्या उपकरणाची, बारीक तार या वेढ्यांत सरकवतात. तिथे जाण्याची नेहमीची वाट चेहऱ्याची नस आणि जिभेवरची चव नेणारी नस यांच्या मधून जाते. ही फट साधारण अडीच मिलिमीटरची. चेहऱ्याच्या नसेला इजा झाली तर त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही, ओठ वाकडा होतो. म्हणून सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली हाड हळूहळू कोरत जातो, नसेचा ठाव लागेपर्यंत. म्हणजे काढलेलं बरंचसं हाड तारेच्या वाटेत नसतंच. नीट दिसावं एवढ्यासाठीच ते गेलेलं असतं.

ड्रिल चालवणारा रोबोट नेमकं हेच हाड वाचवतो. आधी कानामागच्या हाडात छोटे स्क्रू बसवून सीटी स्कॅन करतात. स्क्रू स्कॅनमध्येही दिसतात आणि प्रत्यक्षातही सापडतात, त्यामुळे चित्रातला प्रत्येक बिंदू रुग्णाच्या डोक्यावर जुळवता येतो. मग संगणकावर एकच सरळ रेषा आखायची: कातडीपासून कॉक्लियापर्यंत, दोन्ही नसा टाळून. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी अशी पहिली शस्त्रक्रिया 2016 मध्ये केली. त्या रेषेवर ड्रिलने पाडलेल्या बोगद्याची रुंदी चेहऱ्याच्या नसेजवळ 1.8 मिलिमीटर होती. त्या फटीत दोन्ही बाजूंना मिळून उरते ती जागा मिलिमीटरपेक्षा कमी!

ड्रिल एका दमात आत घुसत नाही. थोडं पुढे जातं, मागे येतं, हाडाचा चुरा धुतला जातो, टोक गार होतं, आणि मग पुढचा टप्पा. ही सबुरी गरजेची आहे, कारण घर्षणाने हाड तापतं आणि 47 अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर राहिली तरी हाडाच्या पेशींना इजा होते. नस तर त्याहून नाजूक. शिवाय नसेच्या अलीकडे ड्रिल थांबवून पुन्हा स्कॅन घेतात आणि बोगदा आखलेल्या रेषेतच आहे ना, हे पाहतात. चेहऱ्याच्या स्नायूंवरचे इलेक्ट्रोड नसेच्या प्रतिसादावर सतत लक्ष ठेवतात. ड्रिलवर येणारा जोरही बोलका असतो: पोकळीत तो कमी, भरीव हाडात जास्त. हा चढउतार स्कॅनमधल्या हाडाच्या घनतेशी ताडून टोक कुठे पोचलंय याचा आणखी एक पुरावा मिळतो. इतके साक्षीदार एकमेकांशी जुळल्यावरच पुढे जायचं, ही शिस्त मला या यंत्राच्या अचूकतेइतकीच मोलाची वाटते.

कवटीच्या तळाच्या इतर शस्त्रक्रियांत मात्र सरळ बोगदा क्वचितच पुरतो. श्रवणाच्या नसेजवळची गाठ काढायला रुंद वाट लागते, आणि मऊ ऊती हाडासारख्या एका जागी थांबत नाहीत. तिथे सर्जनला आजही उघडूनच पाहावं लागतं. बर्नच्या त्या पहिल्या शस्त्रक्रियेतही बोगदा रोबोटने पाडला, पण तार कॉक्लियात सरकवली ती सर्जनने, स्वतःच्या हाताने.