दोन संक्रांती आणि चार अंश

सांगलीत गावभागातल्या आमच्या ओळखीच्या एका घरी तिळगूळ १० जानेवारीलाच हातावर पडतो. बाकी गाव तेव्हा १४ तारखेची वाट पाहत असतं. कारण विचारलं की "आमच्याकडे टिळक पंचांग" एवढंच उत्तर मिळतं. या चार दिवसांचं मूळ मात्र थेट सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात आहे.

संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. पण राशिचक्र गोल आहे, त्याला सुरुवात कुठून मानायची? सूर्यसिद्धांत दोन खुणा देतो. रेवती नक्षत्राची योगतारा, म्हणजे खुणेची मुख्य तारा, ३५९ अंश ५० कलांवर (६० कलांचा एक अंश), म्हणजे आरंभबिंदूला जवळजवळ चिकटून. आणि चित्रा १८० अंशांवर, म्हणजे बरोबर समोर. पोथीत दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. आकाशात मात्र रेवतीची तारा म्हणून जी मंद चांदणी दाखवली जाते, तिच्यापासून चित्रा सुमारे १८४ अंशांवर आहे. एक खूण धरली की दुसरी सुटते. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, म्हणून चार अंशांचे चार दिवस. वादाची सगळी गोम या चार अंशांत आहे.

हे एकोणिसाव्या शतकापर्यंत कुणाला फारसं टोचलं नाही, कारण पंचांगं आकाश बघून नव्हे, करणग्रंथावरून, म्हणजे तयार गणिताच्या पोथीवरून होत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहलाघव रचला. ज्या-कोटिज्यांची (साइन-कोसाइनची) कटकट टाळून त्यांनी गणित इतकं सोपं केलं की जोशीबुवांच्या पिढ्या त्यावर निघाल्या. पण जुन्या गणिताला घसारा लागतोच. सूर्यसिद्धांताचं वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचं, आजच्या मापनाने नाक्षत्र वर्ष (सूर्य ताऱ्यांमध्ये पुन्हा त्याच जागी यायला लागणारा काळ) ३६५.२५६३६३ दिवसांचं. फरक साडेतीन मिनिटांचासुद्धा नाही. तरी दीड हजार वर्षांत त्याचे साडेतीन दिवस होतात. (दुर्बिणीशिवाय एवढ्या जवळ पोचलेल्या माणसांचं कौतुक करायचं तर इथे करावं. प्रकाशाचा वेग वेदांत शोधणारे निरोप मोबाइलवर फिरतात, ते मी न वाचताच सोडून देतो.)

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी १८६५ मध्ये युरोपीय वेधांवर बेतलेलं पंचांग काढलं. ते पुढे आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळामुळे पटवर्धनी म्हणून ओळखलं गेलं. आरंभ रेवतीपासून. टिळकांनी हाच पक्ष उचलून धरला. शंकर बाळकृष्ण दीक्षित, विसाजी रघुनाथ लेले प्रभृती सायनवादी होते, म्हणजे ताऱ्यांऐवजी ऋतूंवरून राशी मोजणारे. त्यांचं म्हणणं, सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास, मग मकरसंक्रांतही तेव्हाच करा. तर्काला बिनतोड, पण लोकांच्या गळी उतरलं नाही.

चित्रा १८० अंशांवर धरणाऱ्या चित्रापक्षाचे खंदे वीर व्यंकटेश बापूजी केतकर. मला या सगळ्यांत त्यांचं काम सर्वांत विलक्षण वाटतं. त्यांनी नव्या युरोपीय कोष्टकांतलं ग्रहगणित घेतलं आणि ते संस्कृत श्लोकांत बसवलं, ग्रहलाघवाच्या वळणाने, म्हणजे जोशीबुवांना परकं वाटू नये. जुन्या ग्रंथात नवं विज्ञान 'सापडलं' असं त्यांनी म्हटलं नाही. नवं विज्ञान जुन्या भाषेत लिहून काढलं.

टिळकांच्या अखेरच्या वर्षांत पुण्यात आणि मग आमच्या सांगलीत ज्योतिष संमेलनं भरली, ती हाच गुंता सोडवायला. प्रश्न निव्वळ तिळगुळाचा नव्हता. संक्रांत हलली की अधिकमास हलतो, आणि अधिकमास वेगळा आला की एका घरची दिवाळी शेजारच्या घरापेक्षा महिनाभर पुढेमागे जाते. मुलीचं सासर दुसऱ्या पंचांगाचं असेल तर दिवाळसण कुठल्या महिन्यात करायचा, याचं उत्तर कुठल्या सिद्धांतात नाही.

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. सणांच्या गणितासाठी समितीने २१ मार्च १९५६ चे अयनांश (ऋतूंवरचा आणि ताऱ्यांवरचा आरंभबिंदू यांतलं अंतर) २३ अंश १५ कला धरले, म्हणजे कौल चित्रेकडे गेला. तरी त्या घरातल्या काकू १० तारखेला सुगडं पुजतात आणि १४ ला शेजारणींनी बोलावलं की हळदीकुंकवालाही जातात.