झीन म्हणजे हस्तलिखितच ना?

झीन म्हणजे स्वतः लिहून, प्रती काढून वाटायची छोटी पुस्तिका. तिच्या कार्यशाळेचं नाव काढलं की जळगाव-धुळ्याकडचे शिक्षक हमखास म्हणतात, "हे तर आमचं हस्तलिखितच!", म्हणजे शाळेचा हातानं लिहिलेला अंक. झीन काय, हस्तलिखित काय, हातानंच लिहायचं, चित्रं काढायची, त्यामुळे तसं वाटणारच.

पण हस्तलिखितात हात अनेक आणि प्रत एक. सर लेख निवडतात, शुद्धलेखन तपासतात, मोत्यासारखं अक्षर असलेल्या दोघी-तिघी सगळं उतरवून काढतात. संमेलनात प्रकाशन होतं आणि मग अंक कपाटात जातो. अक्षर वाईट असलेल्या पोराच्या वाट्याला कागद कापण्याचं काम येतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

झीनमध्ये हात बहुधा एकच, प्रती कितीही. १९३०च्या दशकात अमेरिकेतले विज्ञानकथांचे चाहते अशी पत्रकं स्वतः काढून एकमेकांना पाठवत. पुढे झेरॉक्स आलं आणि काम स्वस्त झालं. आजही ए-फोरचा एक कागद पुरतो. तीनदा दुमडून आठ घरं पाडायची, उलगडून कागद आडवा धरायचा, मधल्या आडव्या घडीवर दोन्ही टोकांचं एकेक घर सोडून मधल्या दोन घरांच्या लांबीएवढी चीर द्यायची आणि पुन्हा दुमडायचं. आठ पानांची खिशात मावणारी पुस्तिका तयार; ना टाचणी, ना डिंक. आधी कोऱ्या कागदाची घडी घालून पानांना आकडे द्या, कारण उलगडल्यावर चार पानं उलटी दिसतात. काळं पेन वापरा, पेन्सिल झेरॉक्सवर फिकी उमटते. कडेला थोडी जागा सोडा.

खरा फरक मजकुरात पडतो. हस्तलिखितात 'माझा आवडता सण' येतो. झीनमध्ये वांग्याच्या भरताच्या पार्टीत कोण किती जेवलं, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात काय पाहिलं, हे येतं. तेही 'काय करी ऱ्हायना?' अशा घरच्या अहिराणीत, कारण लाल पेन घेऊन कोणी बसलेलं नसतं.

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. ते हस्तलिखितच, पण स्वभाव मला झीनचा वाटतो.

पाचवी-सहावीच्या मुलांना हस्तलिखितात मजा येते, ते बंद करू नका. नववी-दहावीच्यांना मात्र झीनच द्या, आणि त्यांना विचारल्याशिवाय ती वाचायला घेऊ नका. झेरॉक्सचे पैसे तेवढे द्या.