ताज ‘उलटं’ बांधलेलं नाही

कुलाब्यातल्या हेरिटेज वॉकमध्ये हा किस्सा हमखास ऐकू येतो: ताजमहाल हॉटेल चुकून उलटं, म्हणजे समुद्राकडे आणि गेटवे ऑफ इंडियाकडे पाठ करून बांधलं गेलं, आणि ते पाहून गोऱ्या वास्तुकाराने जीव दिला. ही लोणकढी थाप आहे.

मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच वैद्य वारले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. १९०३ मध्ये हॉटेल उघडलं तेव्हा प्रवेश मागून, शहराच्या अंगाने होता. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. घोडागाड्या तिकडूनच येणार, आणि समुद्राचा वारा खोल्यांना मिळणार, असा साधा हिशेब! गेटवे तर १९२४ चा. म्हणजे ताजने ‘पाठ फिरवायला’ तेव्हा समोर गेटवे नव्हताच.