तराफ्यावरची तहान

२३ नोव्हेंबर १९४२ रोजी जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘बेनलोमंड’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाले आणि त्यावरचा पून लिम हा चिनी खलाशी तेवढा वाचला. सुमारे दोन तास पाण्यात काढल्यावर त्याला एक लाकडी तराफा सापडला, ज्यावर पुढे त्याने १३३ दिवस काढले.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून आधी पाण्याबाहेर निघावे लागते. तराफ्यावर चढल्यावर गाठ तहानेशी असते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मराठवाड्याला तहान नव्याने सांगायला नको. मात्र चहूकडे पाणी असताना माणूस तहानेने का मरतो, हे कळायला कोरडवाहू शेतापेक्षा कालव्याखालचे खारवट रान पाहावे. तिथे जमिनीवर पांढरी खपली धरलेली असते आणि मुळाशी ओल असूनही पीक माना टाकते, कारण मातीतले पाणी मुळांतल्या रसापेक्षा खारट झाले की मुळांना ते ओढून घेता येत नाही. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवल्यावर पातेल्याच्या बुडाशी पाणी सुटते, तेही याच परासरणामुळे, म्हणजे पाणी कमी खारट बाजूकडून अधिक खारट बाजूकडे ओढले जाण्यामुळे.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या मूत्रपिंडांना इतकी खारट लघवी तयार करता येत नाही, त्यामुळे प्यायलेल्या लिटरभर पाण्यातले मीठ बाहेर टाकायला दीड लिटरहून अधिक पाणी खर्ची पडते आणि वरची तूट शरीराच्या साठ्यातून भरली जाते. पेशी आकसतात, मेंदूच्याही. मग माणसाला भ्रम होतो. महायुद्धातल्या जहाजबुडींचा ब्रिटिश संशोधकांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा ज्या होड्यांत समुद्राचे पाणी प्यायले गेले तिथे सुमारे ३९ टक्के, तर इतर होड्यांत सुमारे ३ टक्के माणसे मेल्याचे दिसले. अर्थात गोडे पाणी संपले तिथेच लोक खाऱ्या पाण्याकडे वळले असणार, म्हणून सगळा दोष मिठाच्या माथी मारणे मला पटत नाही.

तराफ्यावरचे डबाबंद अन्न आणि पाणी संपत आल्यावर पून लिमने कापडात पावसाचे पाणी धरले, विजेरीतली तार वाकवून गळ केला, दोराचे पीळ उकलून दोरी वळली आणि पकडलेले मासे चिरून उन्हात वाळवले. मासे तरी किती खावेत, हेही पाण्यावरच ठरते, कारण प्रथिनांपासून तयार होणारा युरिया लघवीवाटेच जातो आणि त्याला पुन्हा पाणी लागते. पाऊस नसलेल्या दिवसांत भरपेट मासे खाणे म्हणजे तहान वाढवणे होय. ५ एप्रिल १९४३ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कोळ्यांनी त्याला उचलले, तेव्हा त्याचे वजन सुमारे ९ किलोंनी घटले होते, तरी त्याला कुणाच्या आधाराशिवाय चालता येत होते.