'कार्यालयावर गेलेला पैसा मुलांपर्यंत पोचत नाही' हा गैरसमज

मुलांना आधार देणाऱ्या संस्थांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: पगार, प्रशिक्षण आणि निधी गोळा करण्यावरचा खर्च म्हणजे देणगीची नासाडी, प्रामाणिक संस्था स्वयंसेवकांवर फुकटात चालते. हे चूक आहे, आणि याचा फटका मुलांनाच बसतो.

घाबरलेलं मूल हेल्पलाइनला फोन करतं, तेव्हा पलीकडे कोण असतं? ब्रिटनमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या चाइल्डलाइनचे बरेच समुपदेशक स्वयंसेवक आहेत. पण आधी त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते, त्यांना प्रशिक्षण मिळतं, पाठीशी अनुभवी पर्यवेक्षक असतो. मुलाशी बोलायला कुणालाही असंच बसवता येत नाही, बसवूही नये! हीच तयारी हिशेबात कधीकधी 'प्रशासकीय खर्च' म्हणून दिसते.

२०१३ साली अमेरिकेत गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, सेवाभावी संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणगीदारांना पुरवणाऱ्या संस्थांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं: केवळ या खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. गैरव्यवहार होतात, म्हणून हिशेब जरूर मागा. पण मुलांच्या आयुष्यात काय बदललं, हेही विचारा.

निधी सतत गोळा करावा लागतो, कारण मोठी अनुदानं बहुतेक वेळा ठरावीक प्रकल्पापुरती आणि मुदतीपुरती असतात. मुलाची गरज मुदत पाहून संपत नाही. तिथे दरमहा येणारी छोटी देणगी उपयोगी पडते. स्वयंसेवकाचंही तसंच: महिनाभराच्या उत्साहापेक्षा वर्षभर पाळलेला आठवड्याचा एक तास मुलाला जास्त हवा असतो.