इंजिन बदललं, मग स्पीडोमीटरचा काटा का चुकतो?

इंजिन बदललं की स्पीडोमीटर बिघडतो असं सर्रास ऐकायला मिळतं, पण केबलवाल्या जुन्या मीटरचा इंजिनाशी थेट संबंधच नसतो. केबल निघते गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरून (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावरून), म्हणजे चाकं फिरतील तशी ती फिरते, गाडी न्यूट्रलला टाकून नुसती ढकलली तरी फिरते. त्यामुळे गिअरबॉक्स जुनाच ठेवला तर काटा पूर्वीसारखाच चालतो, खरी भानगड होते ती नव्या इंजिनासोबत नवा गिअरबॉक्स येतो तेव्हा, कारण त्यातले केबल फिरवणारे दाते जुन्या मीटरच्या हिशोबाचे असतीलच असं नाही.

मीटरच्या आत काय चालतं ते फार सुंदर आहे. केबल एक छोटं चुंबक फिरवते, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते आणि दोघं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. चुंबक फिरलं की वाटीत एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात, ते वाटीला सोबत ओढायला बघतात, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. वेग दुप्पट झाला की ओढही दुप्पट, म्हणून वाटीवर बसवलेला काटा बरोब्बर तेवढा सरकतो. ओटो शुल्झने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं.

किलोमीटर मोजणारे आकडे मात्र चुंबकावर नाही, थेट दात्यांवर चालतात. म्हणून माझा आग्रह असतो की आधी मोजलेलं १० किलोमीटर अंतर चालवून आकडे बघा आणि मगच मीटरला हात लावा. आकडे बरोबर आणि काटा चूक, तर दोष मीटरच्या आत, चुंबक किंवा स्प्रिंगमध्ये. दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर दोष गिअरच्या हिशोबात.

हा हिशोब अवघड नाही. बऱ्याच जपानी मीटरना एका किलोमीटरला केबलचे ६३७ फेरे लागतात, अमेरिकन मीटरना मैलाला १०००, आणि काही डायलवर तो आकडा बारीक अक्षरात छापलेलाच असतो. समजा टायर एका फेऱ्यात १.८ मीटर जातो आणि डिफरन्शियलचा (चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरसंचाचा) रेशो ४.१ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ फेरे, तर किलोमीटरला आउटपुट शाफ्टचे साधारण २२७८ फेरे होतात. त्याला ६३७ ने भागलं की ३.५७६, म्हणजे केबलच्या एका फेऱ्याला शाफ्टचे एवढे फेरे. शाफ्टवरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला गिअर, ५ आट्यांचा असेल तर पिनियनला, म्हणजे केबल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाला, १७.८८ दात हवेत, आता एवढे दात तर कोणी बनवत नाही, म्हणून १८ किंवा १७. १८ ला मीटर पाऊण टक्क्याच्या आत कमी दाखवतो, १७ ला पाच टक्के जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार नव्या गाडीच्या मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो, तरी मी १८ च घेईन, कारण किलोमीटर जवळजवळ अचूक राहतात आणि काटा जाणकाराकडून आतल्या स्प्रिंगवर जरासा वर लावून घेता येतो.

पडताळणी हाताने होते. मीटरकडचं केबलचं टोक सोडवा, आतल्या तारेला कागदाची छोटी झेंडी चिकटवा, गाडी सरळ रेषेत २० मीटर ढकला आणि फेरे मोजा, पावणेतेराच्या आसपास आले की झालं. झेंडी कुठल्या दिशेला फिरते तेही बघून ठेवा, उलटी फिरली तर काटा शून्याच्या खाली जायला बघतो आणि तिथेच अडकून बसतो. दात बदलले की पिनियनचा व्यासही बदलतो, त्यामुळे काही गिअरबॉक्सना त्याची हाउसिंग (बाहेरचं कवच) फिरवून दुसऱ्या खुणेवर बसवावी लागते, नाहीतर प्लास्टिकचे दात थोड्याच दिवसांत झिजतात.

नव्या गिअरबॉक्सला केबलची जागाच नसेल, फक्त सेन्सर असेल, तर सेन्सरचे पल्स मोजून छोट्या मोटरने केबल फिरवणारे डबे मिळतात, त्यात रेशो सेट करता येतो.

एवढं करूनही काटा थरथरत असेल तर केबल बघा, कुठे तीव्र वळण आलंय का, तार कोरडी आहे का. तेल फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला लावा, वरच्या टोकाला अजिबात नको, फिरत्या तारेवरून ते चढत चढत मीटरमध्ये जातं आणि ती वाटीच चिकटून बसते.